भाकरीच्या फडक्यात

"दाबा... सोडा. दाबा... सोडा. घाई करायची नाही, आणि थांबायचं तर अजिबात नाही," नर्सबाई म्हणाल्या आणि रबराचा काळा फुगा माझ्या हातात देऊन पलीकडच्या खाटेकडे गेल्या.

फुग्याचं दुसरं टोक माझ्या नवऱ्याच्या घशातल्या नळीला जोडलेलं होतं. ह्यांना नाग चावला होता. विषानं अंग लुळं पडलं, छाती हलेना. इंजेक्शनं दिली होती, पण ती लागू पडेपर्यंत श्वास बाहेरून द्यायचा, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात त्या काळी श्वास द्यायचं यंत्र नव्हतं. यंत्र म्हणजे पेशंटचे नातेवाईक.

आदल्या दुपारपासून पोलीस लाईनीतल्या बायकांनी पाळ्या लावून फुगा दाबला. सकाळ झाली तशा त्या घरी गेल्या. त्यांच्याही नवऱ्यांचे डबे होते, पोरांच्या शाळा होत्या. माझ्या दोन्ही मुली त्यांनीच सांभाळायला नेल्या होत्या. दीर गावाहून निघाला होता, पण एसटीचा भरवसा काय धरायचा? मी एकटीच दाबत बसले. मनगटं भरून आली, बोटं वळेनाशी झाली. अवघ्या संसाराचा जीव त्या फुग्यात आला होता आणि माझे हात मेले दगा द्यायला निघाले होते.

तेवढ्यात मागून एक बाईमाणूस पुढं आलं. कपाळावर गोंदण, अंगावर विटकं लुगडं. "सरा बाई, मी दाबते," म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या कुणाची तरी असेल असं वाटून मी फुगा दिला. लोहाराच्या भात्यावर जन्म गेल्यासारखी ती एकसारखी दाबत राहिली.

मी बोटं चोळत विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?"

"ह्येंच्याकडंच." तिनं हनुवटीनं ह्यांच्याकडे दाखवलं. "ह्येंनी डोळं उघडलं तरच आमचा मानूस सुटंल."

मी फुगा तिच्या हातून हिसकावून घेतला. ही कोण ते माझ्या ध्यानात आलं. घुले हवालदार रात्री सांगून गेले होते, नाग चावून मस्के, म्हणजे हे, पडले आणि संधी साधून एका पारध्यानं त्यांची रायफल पळवली. चिंचकडे गावच्या लोकांनी त्याला रस्त्यात रायफलीसकट धरला, चोपला आणि ठाण्यात आणून दिला. त्या पारध्याची ही बायको. आणि मी माझ्या नवऱ्याचा श्वास तिच्या हातात दिला होता!

ती खाटेच्या पायथ्याशी खाली बसली. मी दाबत राहिले, पण थोड्याच वेळात हात पुन्हा थरथरायला लागले आणि ह्यांची छाती अर्धवटच वर येऊ लागली. तशी ती उठली आणि माझ्या हातांवरून तिनं आपले हात ठेवले. मग आम्ही दोघी मिळून दाबायला लागलो.  गरज माणसाचा ताठा कसा मोडते ते मला त्या दिवशी कळलं.

साडेदहा-अकराला घुले हवालदार चहाची किटली घेऊन आले. हे आणि घुले एकाच तुकडीत भरती झालेले. सख्ख्या भावासारखं येणंजाणं होतं. तिला पाहून ते कडाडले, "हिला इथं कुणी येऊ दिलं?"

"भाऊजी, मग तुम्ही बसा दाबायला," मी म्हटलं.

घुल्यांनी टोपी काढून ठेवली आणि ते दाबायला बसले. तिला व्हरांड्यात जायला सांगितलं. माझा कपभर चहा पिऊन होईस्तोवर त्यांच्या मिशांवर घाम जमला होता.

"वहिनी, नीट ऐका," ते हळू आवाजात म्हणाले. "साहेबांनी अजून गुन्हा कागदावर घेतला नाही. मस्केच्या जबाबासाठी थांबलेत. तीनशे ब्याण्णव लावणार. पोलिसाच्या हातातून शस्त्र हिसकावलं म्हणजे जबरी चोरी. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. वर सरकारी कामात अडथळा आणला म्हणून तीनशे त्रेपन्न, वर आर्म्स ॲक्ट. पारध्याला जामीन कोण राहणार? बाहेर येईल तेव्हा केस पांढरे झालेले असतील."

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, साहेबानंच रायफल दिली, ठाण्यावर पोचव म्हणाला. आता सांगा. पोचवणारा माणूस रायफल डोक्यावर धरून नाचवत येतो का? अख्ख्या चिंचकड्यानं पाहिलंय. आणि बोल्ट गायब आहे. बोल्ट नसला की रायफल नुसती काठी. तो बोल्ट कुठं पुरलाय ते सांगत नाही. रात्रभर विचारतोय."

"विचारताय म्हणजे?"

घुले फुग्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते सोडा. महत्त्वाचं ऐका. उद्या मस्के शुद्धीवर आला आणि तापाच्या भरात 'मी दिली' म्हणाला, तर तो खलास. सरकारी रायफल पारध्याच्या हातात दिली! निलंबन तर जागेवरच, पुढं चौकशी, नोकरीसुद्धा जाईल. लाईनीतली खोली खाली करावी लागेल. तेच 'हिसकावली' म्हणाला, तर नाग चावलेल्या माणसाकडे कोण बोट दाखवणार? म्हणून सांगतो, ह्यानं डोळे उघडले की कानात पहिला शब्द तुमचा पडू द्या."

घुल्यांच्या मनात पाप नव्हतं. आपल्या मित्राचं घर वाचावं एवढंच त्यांना वाटत होतं. मी मान डोलावली. त्या वेळी मलाही ते बरोबरच वाटलं.

ते गेले आणि डॉक्टर फेरीला आले. ह्यांच्या पापण्या उचलून पाहिल्या, नाडी पाहिली. जाताना म्हणाले, "बाई, यांच्याशी बोलत राहा. नागाच्या विषात अंग लुळं पडतं, डोळे उघडत नाहीत, पण बऱ्याचदा कान जागे असतात. सगळं ऐकू येत असेल यांना."

 म्हणजे घुल्यांचं बोलणंही ह्यांनी ऐकलं असणार.

ती बाई पुन्हा आत आली आणि तिनं फुगा घेतला. तिचं नाव सोजर. एवढंच मी विचारलं, बाकीचं सगळं तिनं आपण होऊन सांगितलं. चिंचकड्यात विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. कुठं काही चोरीला गेलं की पोलिसांनी पारध्यांच्या पालांवर यायचं आणि हाताला लागेल त्याला न्यायचं, ही रीतच पडून गेली होती. त्या दिवसांत दरोडे पडत होते म्हणून ह्यांना रायफल दिली होती आणि जोडीदार तापानं पडला म्हणून हे एकटेच गेले होते.

"तुमचा मानूस आमच्या मानसाला धरायलाच आला व्हता, बाई. चल म्हनला. ह्यो निघाला. न्हेमीचंच हाय ते. वाटंत बांधावर तुमच्या मानसाचा पाय नागावर पडला. ह्याला पळून जाता आलं आसतं का न्हाई? कोन व्हतं तितं? पर ह्यानं धोतर फाडून पाय बांधला, पाटीवर घेतला आन् डांबरी सडकंपातुर आनला. जीपवाल्यानं पेशंट घेतला. ह्याला घेतलं न्हाई. पारधी नको, रायफलबी नको म्हनला. मंग तुमच्या मानसानं ह्याच्या हातात रायफल दिली, ठान्यावरच दे म्हनला, दुसऱ्या कुनाला न्हाई."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"ठान्याच्या मागल्या खिडकीतनं वरडून येवढंच सांगितलं त्यानं. आता त्याला बोल्ट मागत्यात. तुमच्या मानसानं रायफलीतनं कायतरी लोखंड काढलं म्हनतो, पर ह्यो जीप थांबवाया पळाला व्हता, म्होरं बगितलं न्हाई त्यानं." दाबता दाबता तिनं माझ्याकडे पाहिलं. "बोल्ट म्हंजी काय वो बाई? चोरला आसंल, तर चोराला त्याचं नाव तरी ठावं पायजे का न्हाई?"

 तिची नजर चुकवायला मी खाटेखाली बघितलं, तर तिथं मुंग्यांची रांग लागली होती. जीपवाल्यानं ह्यांच्याबरोबर ह्यांची पिशवीही दवाखान्यात ठेवली होती. पोलिसांनी कमरेचा पट्टा आणि गोळ्या ताब्यात घेतल्या, पिशवीत भाकरीचं गाठोडं बघून ती तशीच सोडली. कालची भाकरी आता विटली असणार, म्हणून टाकून द्यायला मी गाठोडं ओढलं. ते जड लागलं.

गाठ सोडली. फडक्यात दोन भाकरी, मिरचीचा ठेचा आणि भाकरींच्या मध्ये बोल्ट.

ह्यांची ही खोड एकट्या मला ठाऊक होती. गार्डावर असताना पाठ टेकायची वेळ आली, की हे बोल्ट काढून भाकरीच्या फडक्यात बांधायचे आणि उशाला घ्यायचे. कुणी रायफल नेली तरी काठीच नेईल, म्हणायचे. भाकरीला तेलाचा वास लागतो म्हणून मी किती भांडले होते! विष अंगात चढत असताना, डोळ्यांवर झापड येत असतानाही या माणसानं बोल्ट काढून भाकरीत बांधला होता. म्हणजे रायफल कुणी ओढून नेली नव्हती. ती ह्यांनी विचार करून दिली होती.

मी चटकन फडकं झाकलं. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो लपवायचाच. दवाखान्यामागं पडकी विहीर होती. त्यात टाकला असता तर काळं कुत्रं विचारायला आलं नसतं. दोन मुली, लाईनीतली ती एक खोली, महिन्याचा पगार. याच्यापलीकडे आमचं जगात होतं काय? 

"काय घावलं, बाई?" सोजरनं विचारलं. विचारताना तिचे हात थांबले नाहीत. तिनं दाबलं, ह्यांची छाती वर आली. तिनं सोडलं, खाली गेली. तिला लोखंडाचा तो तुकडा दिसला असता तरी तो काय आहे हे कळलं नसतं, आणि तिच्या नवऱ्याला त्याच्याचपायी रात्रभर मारत होते.

मी उठले आणि ह्यांच्या कानाशी वाकले. पहिला शब्द माझा पडू द्या, घुले म्हणाले होते ना? पाडला.

"ऐकताय ना? बोल्ट सापडलाय मला. तो घेऊन मी साहेबांकडे निघालेय. नोकरी गेली तर जाऊ दे, मी खानावळीच्या पोळ्या लाटीन. रागवायचं असेल तर उठून रागवा. मी वाट बघतेय."

पापणीसुद्धा हलली नाही. मी डोक्यावरून पदर घेतला आणि सोजरला म्हटलं, "मी येईपर्यंत थांबायचं नाही."

"न्हाई थांबत, बाई. जावा तुमी."

ठाणं दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण ती वाट मला सरता सरेना. मागं वळून पाहिलं तर परत फिरेन, असं वाटत होतं.

फौजदार वैराळ वयानं लहान, नुकतेच बदलून आलेले. मला पाहून खुर्चीतून उठले. मी फडकं टेबलावर ठेवलं आणि उलगडलं. त्यांनी बोल्ट उचलला, त्यावरचा नंबर वाचला आणि घुल्यांना रायफल आणायला सांगितली. घुल्यांनी रायफल आणली. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. साहेबांनी बोल्ट रायफलीत सरकवला. तो बिनचूक बसला.

"कुठं होता हा?"

"ह्यांच्या भाकरीत. ह्यांनीच बांधलेला. साहेब, तुम्हीच सांगा, रायफल पळवणारा माणूस बोल्ट काढून मालकाच्या भाकरीत बांधून ठेवील का?"

साहेबांनी रायफल टेबलावर आडवी ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, यामुळे मस्केचं काय होऊ शकतं, ते कळतंय तुम्हाला?"

"कळतंय. घुलेभाऊजींनी सगळं समजावून सांगितलंय."

घुल्यांनी मान खाली घातली.

"चोरी नाही, हे मला पटलं," साहेब म्हणाले. "पण रायफल दिली, हे मस्केनं स्वतः सांगायला हवं. त्याचा जबाब होईपर्यंत मला याला सोडता येणार नाही. मात्र आता कुणी हात लावणार नाही, एवढा शब्द देतो. घुले, त्याला बाहेर काढा. पाणी द्या, खायला द्या."

त्यांनी त्याला बाहेर आणलं. किडकिडीत माणूस. एक डोळा सुजून बंद झालेला, भिंतीला धरून उभा होता. या माणसानं माझ्या नवऱ्याचं एवढं धूड पाठीवरून आणलं, हे खरं वाटेना. मी मस्केबाई, हे कुणीतरी त्याला सांगितलं. मला वाटलं, आता हा रडेल, पाया पडेल, नाहीतर शिव्या तरी देईल. त्यानं सुजल्या ओठांनी विचारलं, "साहेब दम घेत्यात का?"

"घेतात," मी म्हटलं. "तुझी बायको देतेय."

पुढं मला तिथं उभं राहवेना.

संध्याकाळी दीर आला. रात्री त्यानं, मी आणि सोजरनं पाळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ह्यांच्या उजव्या हाताची बोटं हलली. मग फुगा दाबायच्या आधीच छाती वर आली. मी ओरडलेच. डॉक्टर धावत आले. दुपारपर्यंत नळी निघाली, पापण्या कशाबशा अर्ध्या उघडल्या. मी लहान मुलासारखी हुंदके देऊन रडले, आणि नर्सबाईंनी मला दरडावून गप्प केलं.

चार वाजता घुले कागद घेऊन आले. साहेबांनीच पाठवलं होतं. सोजर दाराशी उभी राहिली. आत यायचा तिला धीर होईना.

"मस्के, घाई नको," घुले म्हणाले. "आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. तेवढंही पुरे."

ह्यांचा आवाज घोगरा झाला होता, एकेका शब्दाला दम लागत होता. "आठवतंय. आणि ऐकतही होतो सगळं. तू बोलत होतास तेही."

घुले गोरेमोरे झाले.

"रायफल नाचवत आला म्हणालास. ओरडायचं होतं मला. जीभ उचलेना." ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ह्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मीच सांगितलं होतं त्याला. रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धर, रस्त्याच्या मधून चाल, म्हणजे लांबून दिसेल. पोलिसाला त्याचा अर्थ कळतो, माणूस शरण येतोय. कुणी गोळी घालणार नाही, असं वाटलं मला. गावातल्या लोकांना कुठून कळणार? माझ्या डोक्यात तेव्हा फक्त पोलीसच होते. त्यानं अगदी मी सांगितलं तसंच केलं, घुले. तसंच केलं म्हणून मार खाल्ला."

 मी ह्यांचे डोळे पदरानं पुसले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठाच्या कोपऱ्यात किंचित हसले. "उठलो बघ. पण रागवायला नाही."

पुढे निलंबन झालंच. चौकशी झाली, नोकरी काठावर वाचली, आडगावी बदली झाली आणि हवालदाराची फीत ह्यांच्या बाहीवर चढायला केस पिकले. लाईनीतली खोली तर महिन्याभरातच सोडावी लागली. मी खानावळीच्या पोळ्या खरोखरच लाटल्या. पण त्या दुपारी ह्यांनी ज्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यापुढं मला या कशाचंच काही वाटलं नाही.

"लिही," हे घुल्यांना म्हणाले.

"मस्के, एकदा लिहिलं की मागं फिरता येणार नाही."

"लिही. माझ्या ताब्यातली सरकारी रायफल मी शुद्धीत असताना, स्वतःच्या हातानं, ठाण्यात पोचवण्यासाठी दिली. कुणी हिसकावली नाही. ती मी दिली..." हे अडले. श्वास घेऊन त्यांनी विचारलं, "नाव काय रे त्याचं?"

घुल्यांनी कागद उलटसुलट केला. त्यावर नुसतं 'एक पारधी इसम' असं लिहिलेलं होतं. दोन दिवस कोठडीत ठेवलेल्या माणसाचं नाव त्यांनाही सांगता येईना. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं. दोन दिवस सोजर माझ्याशेजारी बसून होती आणि मी तिलाही विचारलं नव्हतं.

दाराशी हालचाल झाली. आम्ही बायका तेव्हा नवऱ्याचं नाव घेत नव्हतो. मीही नाही, तीही नाही. मेलं तरी तोंडातून निघायचं नाही. सोजर चार पावलं आत आली. पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"लखमल. लखमल जगन काळे."

"लिही," हे म्हणाले. घुल्यांनी लिहिलं.